नेम आणि नियम

मराठीत एक छोटासा शब्द आहे, ‘नेम’. आजी म्हणते, “माझा रोज पहाटे उठायचा नेम आहे.” तेव्हा त्याचा अर्थ नियम. नातू म्हणतो, “नेम धरला आणि पहिल्याच दगडात कैरी पाडली.” तेव्हा त्याचा अर्थ लक्ष्य. एकाच शब्दात शिस्तही आहे आणि निशाणही. गंमत म्हणजे ‘शिस्त’ या शब्दाचंही तसंच आहे. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. शाळेतल्या रांगेशी त्या शब्दाचा संबंध नंतर घट्ट झाला.

यावेळी आपण धनुर्विद्येबद्दल बोलणार आहोत, पण बाण कसा सोडायचा याबद्दल नाही. त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. बाण कशावर सोडायचा? ते निशाण केवढं असावं, किती दूर, कोणत्या आकाराचं? आणि तिथे बाण लागला की ‘लागला’ असं कोणी आणि कसं ठरवायचं?

डोळे मिटून निशाण आठवा म्हटलं तर बहुतेकांना एकच चित्र दिसेल. एकात एक वर्तुळं, मध्ये पिवळं, मग लाल, निळं, काळं, पांढरं. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर ठेवलेल्या या निशाणाचा व्यास १२२ सेंटीमीटर असतो. पाच रंग, प्रत्येक रंगाची दोन वर्तुळं, असे एक ते दहा गुण. सगळ्यात आतलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं, म्हणजे जेवणाच्या ताटातल्या वाटीएवढं. बाण दोन वर्तुळांमधल्या रेषेला नुसता टेकला तरी वरचे गुण मिळतात.

हे चित्र इतकं सवयीचं झालंय की निशाण म्हणजे असंच असतं, असं आपण धरून चालतो. पण हे एक उत्तर आहे. जगात याची आणखी बरीच उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तरामागे त्या त्या लोकांची वेगळी गरज आहे.

बल्गेरियातला रिकामा भाग

सुरुवात बल्गेरियापासून करू. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातला, काळ्या समुद्राकाठचा हा देश. सातव्या शतकात आशियाच्या बाजूच्या गवताळ प्रदेशातून घोड्यांवरून आलेले बल्गार लोक डॅन्यूब नदी ओलांडून इथे स्थिरावले. त्यांचा प्रमुख आस्पारुख. इ. स. ६८१ मध्ये बायझंटाईन साम्राज्याला त्याच्याशी तह करावा लागला आणि बल्गेरियन राज्याचा पाया पडला. हे लोक घोडेस्वार होते आणि धनुष्य हे त्यांचं मुख्य हत्यारांपैकी एक.

शिस्तीच्या बाबतीत ते किती कडक होते, हे एका वेगळ्याच कागदावरून कळतं. नवव्या शतकात त्यांचा राजा बोरिस याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि रोमच्या पोपला प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली. पोप निकोलस पहिला याने ८६६ मध्ये त्याला १०६ उत्तरं पाठवली. त्या उत्तरांतून प्रश्नही समजतात. त्यात एक चालीरीत अशी: लढाईला निघण्यापूर्वी राजाचा विश्वासू माणूस प्रत्येकाचे घोडे आणि शस्त्रं तपासायचा, आणि ज्याची तयारी अपुरी दिसेल त्याला थेट मृत्युदंड. पोपने अर्थातच यावर दयेचा सल्ला दिला.

म्हणजे सरावाला तिथे तोटा नसणार. पण सराव कशावर करायचे? त्यांची निशाणं लाकडाची होती की गवताची, स्पर्धेत प्रत्येकाला किती बाण मिळत, विजेता कसा ठरे, याचा लिखित नियम आपल्यापर्यंत आलेला नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी हा देश ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात गेला आणि १८७८ पर्यंत, जवळजवळ पाचशे वर्षं, तसाच राहिला. मधल्या काळात बंदूक आली, धनुष्य बाजूला पडलं.

त्यामुळे आज बल्गेरियात कोणी म्हटलं, ‘आपल्या पूर्वजांची धनुर्विद्या पुन्हा सुरू करू,’ तर धनुष्य बनवणं हा त्यातला सोपा भाग ठरतो. थडग्यांतून सापडलेली धनुष्याची हाडाची पट्टी, बाणांची लोखंडी टोकं, जुनी वर्णनं यांवरून कारागीर धनुष्य उभं करतात. स्पर्धा मात्र थडग्यात सापडत नाही. ती ठरवावी लागते. किती अंतर? निशाण केवढं? किती बाण? वेळेची मर्यादा असावी की नसावी? आणि या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना आपण नकळत हेही ठरवत असतो की चांगला धनुर्धर कोणाला म्हणायचं.

आधी हत्यार ठरवा

पहिला नियम निशाणाचा नसतोच, तो धनुष्याचा असतो. ऑलिंपिकच्या धनुष्याला नेम धरायला साधन असतं, डुगडुग कमी करणाऱ्या दांड्या असतात. पारंपरिक स्पर्धेत यातलं काहीच चालत नाही. लाकूड, शिंग आणि प्राण्यांचे स्नायू एकावर एक चिकटवून बनवलेलं, दोन्ही टोकांना बाहेर वळलेलं आखूड धनुष्य, ही गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वारांची खूण. आखूड असल्यामुळे घोड्यावर बसून ते डावी-उजवीकडे सहज फिरवता येतं. ताणल्यावर शिंग दाबलं जातं, स्नायू खेचले जातात, आणि सोडताच दोन्ही मिळून बाणाला ढकलतात.

दोरी ओढायची पद्धतही वेगळी. ऑलिंपिकचे खेळाडू तीन बोटांनी दोरी ओढतात. स्टेपमधले, तुर्की, मंगोल, कोरियन धनुर्धर अंगठ्याने ओढतात आणि अंगठ्यावर कडं घालतात. हे कडं शिंगाचं, हाडाचं किंवा दगडाचं असतं. आपल्याकडेही हीच पद्धत होती. मुघल काळातली जेड दगडाची, सोन्याचं जडावकाम केलेली अंगठ्याची कडी संग्रहालयांत पाहायला मिळतात. मुलांनो, पुढच्या वेळी संग्रहालयात एका बाजूला चोचीसारखी पुढे आलेली अंगठी दिसली, तर ती दागिना समजून पुढे जाऊ नका.

अंगठ्याने ओढताना उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला टेकतो, तीन बोटांनी ओढताना डाव्या. अंगठ्याच्या पद्धतीत पुढचा बाण चढवायला वेळ कमी लागतो. साधारण इ. स. ६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘स्ट्रॅटेजिकॉन’ या बायझंटाईन युद्धग्रंथात सैनिकांनी भराभर बाण सोडायचा सराव करावा, यावर मोठा भर आहे. कारण उघड आहे. समोरून घोडा धावत येत असेल तर अगदी अचूक पण सावकाश सोडलेला बाण काय कामाचा?

इथे नियम बनवणाऱ्याची पहिली अडचण येते. स्पर्धेत प्रत्येक बाणाला भरपूर वेळ दिला, तर अंगठ्याच्या पद्धतीचा फायदाच संपतो. मग खेळाडू हळूहळू ती सोडून देतील आणि परंपरा फक्त पोशाखात उरेल.

घुंगरू वाजलं की लागला

बल्गेरियाच्या शेजारचं उत्तर पाहू. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान मेहमेद दुसरा याने शहरात धनुर्विद्येसाठी एक मोठं मैदान राखून ठेवलं, ओकमेयदानी. नावाचा अर्थच ‘बाणांचं मैदान’. तिथल्या निशाणाला ‘पुता’ म्हणत. ही चामड्याची, पेरूसारखी वर निमुळती आणि खाली फुगीर अशी पिशवी असे. आत सरकी आणि लाकडाचा भुसा भरलेला. उंची साधारण एक मीटर. त्यावर बाण सोडायचे ते दीडशे मीटरच्या पुढून, कधी दोनशेहून जास्त अंतरावरून.

एवढ्या लांबून बाण लागला की नाही हे दिसणार कसं? म्हणून पुताला घुंगरं लावलेली असत. लागला की आवाज येई. वर्तुळं मोजायची भानगडच नाही. पुताचा आकार पाहिलात तर तो साधारण माणसाच्या धडासारखा आहे, हेही लक्षात येईल.

तुर्कांचा दुसरा प्रकार तर निशाणाशिवायचा. बाण जास्तीत जास्त दूर कोण टाकतो? अंतर ‘गेझ’मध्ये मोजत. एक गेझ म्हणजे सुमारे ६६ सेंटीमीटर. धनुर्धर म्हणून अधिकृत मान्यता मिळवायची असेल तर एका ठरावीक हलक्या बाणाने ९०० गेझ, म्हणजे जवळजवळ ५९४ मीटर अंतर साक्षीदारांसमोर गाठावं लागे. बाण सुटतो तिथेही साक्षीदार आणि पडतो तिथेही. मगच गुरू शिष्याच्या हातात धनुष्याची मूठ देत. विक्रम झाला तर त्या जागी कोरीव दगड उभा करत. असे काही दगड आजही इस्तंबूलच्या गर्दीत घरांच्या मधोमध उभे आहेत. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे मैदानाचे पट्टे वेगवेगळे असत, म्हणजे वाऱ्याचा फायदा सगळ्यांना सारखा.

या सगळ्याची लेखी नोंद झाली हे तुर्की धनुर्विद्येचं नशीब. सुलतान महमूद दुसरा याच्या सांगण्यावरून मुस्तफा कानी याने धनुष्य बनवण्यापासून मैदानाच्या रीतींपर्यंत सगळं एका ग्रंथात उतरवलं. तो १८३६ च्या सुमारास पूर्ण झाला, म्हणजे धनुष्य युद्धातून केव्हाच बाद झाल्यावर. २०१९ मध्ये तुर्की धनुर्विद्येची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. आज तिथली मुलं जे नियम पाळून खेळतात, त्यांना आधार आहे तो अशा लेखनाचा.

गाणारे पंच

आता पूर्वेकडे, मंगोलियात. दर उन्हाळ्यात तिथे नादाम हा उत्सव असतो. कुस्ती, घोड्यांची शर्यत आणि तिरंदाजी असे त्याचे तीन खेळ. इथलं निशाण ‘सुर’. चामड्याच्या पट्ट्या विणून केलेली मुठीएवढी नळकांडी, जमिनीवर एकमेकांना लागून भिंतीसारखी रचलेली. पुरुष सुमारे ७५ मीटरवरून बाण सोडतात, स्त्रियांसाठी अंतर थोडं कमी. बाणाचं टोक बोथट असतं, कारण इथे रुतायचं नाही, पाडायचं आहे.

सगळ्यात नवल वाटतं ते पंचांचं. ते निशाणाच्या अगदी जवळ उभे असतात. बाण येतो, नळकांडं हलतं, आणि पंच दोन्ही हात वर करून लांब सुरात ‘उउखाई’ असा पुकारा करतात. निकाल गाऊन सांगितला जातो. दूर उभ्या असलेल्या धनुर्धराला आणि आजूबाजूच्या प्रेक्षकांना तो एकाच वेळी कळतो.

कोरियातलं निशाण पाहून तर आपल्याला वाटेल, हे फारच सोपं आहे. २ मीटर रुंद आणि २.६६ मीटर उंच, म्हणजे घराच्या दारापेक्षा मोठी फळी, किंचित मागे झुकवलेली. त्यावर कुठेही लागला तरी चालतो. मध्यभागी लागला म्हणून जास्त गुण नाहीत, कडेला लागला म्हणून कमी नाहीत. लागला किंवा नाही लागला, बस्स. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. ते अंतर १४५ मीटर आहे, ऑलिंपिकच्या दुपटीहून जास्त. एका फेरीत पाच बाण. पाचही लागले की आनंदाला पारावार नसतो.

तिथली एक रीत मला फार आवडते. मैदानावर पहिला बाण सोडण्यापूर्वी धनुर्धर सोबतच्यांना म्हणतो, “मी धनुष्य शिकतो आहे.” बाकीचे म्हणतात, “पुष्कळ बाण लागोत.” चाळीस वर्षं बाण सोडणारा म्हाताराही हेच म्हणतो. हाही नियमच आहे, फक्त त्याला गुण नाहीत.

भूतानमध्येही अंतर जवळपास तेवढंच, पण निशाण लहानशी रंगवलेली लाकडी पाटी. तिथे मधल्या भागात लागला तर तीन गुण, पाटीवर इतरत्र लागला तर दोन, आणि पाटीपासून एका बाणाच्या लांबीच्या आत जमिनीत रुतला तरी एक. २५ गुणांचा डाव. बाण लागला की संघातले लोक नाचतात, गातात. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकावा म्हणून त्याची यथेच्छ थट्टा करतात. ऑलिंपिकमध्ये असं केलं तर बाहेर काढतील. इथे मन विचलित न होऊ देणं हाच परीक्षेचा भाग आहे.

घोडा आला की घड्याळ आलं

घोड्यावरच्या धनुर्विद्येत आणखी एक गोष्ट येते, वेळ. जुन्या काळी तुर्क, अरब आणि मामलुक घोडेस्वारांमध्ये ‘कबक’ नावाचा प्रकार होता. उंच खांबावर भोपळा किंवा तसंच काही लावायचं आणि घोडा खांबाजवळून भरधाव जाताना वळून वर बाण मारायचा. वर मारलेला बाण खाली कुठे पडेल, याचीही काळजी घ्यावी लागते, ही गोष्ट वेगळी.

आज हंगेरीत विकसित झालेल्या प्रकारात शंभर मीटरच्या आसपास सरळ पट्टी असते. घोडा धावताना निशाणाकडे जात असताना, शेजारून जाताना आणि पुढे गेल्यावर मागे वळून असे बाण सोडायचे. ठरलेल्या वेळेच्या आत पट्टी पार करावी लागते, आणि जितके सेकंद वाचतील तितके गुण वाढतात. मात्र एकही बाण लागला नाही तर वाचवलेल्या वेळेचे गुण मिळत नाहीत. हा नियम किती शहाणा आहे पाहा. नुसताच घोडा पळवणाऱ्याला काही मिळू नये आणि घोडा चालवत नेऊन निवांत नेम धरणाऱ्यालाही सगळं मिळू नये. दोन्ही साधावं लागतं.

कोण जिंकलं?

आता एक छोटा हिशोब करू. समजा दोन मुलींनी तीन-तीन बाण सोडले. पहिलीला मिळाले ९, ९, ९. दुसरीला १०, १०, ४. कोण जिंकलं?

ऑलिंपिकसारखी बेरीज केली तर २७ विरुद्ध २४, पहिली जिंकली. फक्त मधल्या वर्तुळातले बाण मोजायचे ठरवले तर शून्य विरुद्ध दोन, दुसरी जिंकली. कोरियाप्रमाणे लागला की नाही एवढंच पाहिलं तर तीन-तीन, बरोबरी. हात तेच, बाण तेच, वारा तोच. नियम बदलला आणि विजेती बदलली.

दुसरं उदाहरण. २०१० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत वैयक्तिक लढतीला ‘सेट’ची पद्धत आहे. तीन बाणांचा एक सेट, सेट जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक, आणि ज्याचे सहा गुण आधी होतील तो विजेता. समजा पहिल्या सेटमध्ये एका खेळाडूचे बाण फार चुकले. त्याला १८, समोरच्याला २७. पुढच्या तिन्ही सेटमध्ये याला २८ आणि त्याला २७. बेरीज केली तर १०२ विरुद्ध १०८, म्हणजे हा हरला. पण सेटच्या हिशोबाने सहा विरुद्ध दोन, हा जिंकला. ही पद्धत आणल्यावर सामने रंगतदार झाले, कारण एक वाईट सुरुवात झाली म्हणून खेळ संपत नाही. दुसरीकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत न डगमगता खेळणाऱ्याला पूर्वी जे बक्षीस मिळे, ते आता तेवढं मिळत नाही.

कोणता नियम बरोबर? हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी बरोबर, हे आधी विचारायला हवं. सैनिक तयार करायचे असतील तर धडाएवढं निशाण आणि दूरचं अंतर पुरेसं. सूक्ष्म अचूकपणा हवा असेल तर वर्तुळं हवीत. गावाने एकत्र येऊन दिवसभर हसावं असं वाटत असेल तर भूतानचा नियम. आणि एकदा नियम ठरला की पुढच्या पिढीचे हात त्याच नियमाच्या दिशेने वळतात. ज्याला गुण मिळतात त्याचा सराव होतो. ज्याला मिळत नाहीत ते वीसेक वर्षांत विसरलं जातं.

आपल्या अंगणातली गोष्ट

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर जरा घरी येऊ. खो-खो आपल्याकडे किती जुना आहे ते सांगता येणार नाही, पण गावोगावी तो वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाई. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम बसवायला सुरुवात झाली आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले ते बडोद्याच्या जिमखान्यातून. हुतुतूचंही तसंच. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ठरलेल्या नियमांनी त्याची मोठी स्पर्धा घेतली. बडोद्याच्या आपल्या वाचकांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. आज कबड्डी आशियाई स्पर्धेत आहे आणि खो-खोचा विश्वचषक २०२५ मध्ये दिल्लीत झाला, त्यामागे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बसून केलेली ही कागदावरची कामगिरी आहे.

त्यात काही गेलंही. मातीवरून खेळ मॅटवर आला, डावाची वेळ कमी झाली, संघ लहान झाला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये ‘वजीर’ आला, जो कोणत्याही दिशेला पळू शकतो. जुन्या खेळाडूंना हे रुचत नाही. नव्यांना त्यातच मजा वाटते. मला वाटतं, दोघांचंही बरोबर आहे. ते दोन वेगळ्या गोष्टी जपू पाहताहेत, एवढंच.

आणि ज्या खेळाची रीत गावोगावी वेगवेगळीच राहिली त्याचं काय? विटीदांडू घ्या. तुमच्या आजोबांना विचारा, विटी मारताना मोजायचे कसे? अनेक ठिकाणी उत्तर येईल: वकट, लेंड, मुंड, नाल... कुठे लेंडचं रेंड होतं. पुढचे शब्द गावागणिक बदलतात. हे शब्द मराठी आकड्यांसारखे का नाहीत? हैदराबादच्या वाचकांनी आत्तापर्यंत ओळखलं असेल. तेलुगूत एक-दोन-तीन-चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारच्या भाषेतले आकडे कधीतरी आपल्या अंगणात आले आणि मुलांच्या खेळात राहून गेले. शिवाय ते नुसते आकडे नाहीत. वकटला विटी कशी ठेवायची, मुंडला कशी, नालला कशी, हे प्रत्येकाचं वेगळं. कधी पायावर, कधी मुठीवर. शब्द म्हणजे आकडाही आणि मारायची रीतही.

आता समजा एखाद्या मंडळाने संक्रांतीला किंवा वर्धापनदिनाला विटीदांडूची स्पर्धा ठेवली आणि सोयीसाठी नियम केला: जी विटी सगळ्यात लांब जाईल ती जिंकली. मोजायला सोपं, वाद कमी. पण पुढच्या वर्षापासून मुलं फक्त जोरात मारायला शिकतील. वकट-लेंड गेलं, मुठीवरची विटी गेली, आणि दोन भाषांच्या शेजारधर्माची ती खूणही गेली. कोणी ती मुद्दाम पुसली नाही. गुणपत्रिकेत तिला रकाना नव्हता, एवढंच.

म्हणून ज्यांना एखादा जुना खेळ पुन्हा सुरू करावासा वाटतो, मग तो बल्गेरियातला धनुर्धर असो की बेळगाव-इंदूरमधला आपला तरुण कार्यकर्ता, त्याने नियम लिहायला बसण्याआधी एवढं करावं. या खेळात नेमकं काय जपायचं आहे ते एका वाक्यात लिहावं. मग लिहिलेल्या प्रत्येक नियमाकडे पाहून विचारावं, याने त्या गोष्टीला गुण मिळतात का? तिसरं, निकाल असा लागावा की लांब बसलेल्या आजीलाही कळेल. घुंगरू वाजो की कोणी गाऊन सांगो. आणि चौथं, ज्या घरात, ज्या गावात वेगळी रीत आहे तीही खाली टीप म्हणून नोंदवावी. स्पर्धेपुरता एक नियम लागतोच, पण बाकीचे खोटे नव्हते.

जाता जाता, धनुष्याची हौस लागलीच असेल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. प्रशिक्षकाशिवाय आणि मागे मातीचा बंधारा किंवा मोकळी, अडवलेली जागा असल्याशिवाय बाण सोडायचा नाही. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही तशीच सोडायची नाही. सगळा जोर धनुष्यावरच येतो आणि ते तडकतं. जगातल्या सगळ्या मैदानांवर हा नियम सारखा आहे.

आता तुमचं काम. या महिन्यात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे बसा आणि विटीदांडूचे तुमच्या गावचे शब्द क्रमाने लिहून घ्या. कोणत्या शब्दाला विटी कुठे ठेवायची तेही विचारा, जमलं तर त्यांना करून दाखवायला सांगा आणि फोनवर चित्रित करा. गावाचं नाव घालून आमच्याकडे पाठवा. बेळगावचं, बडोद्याचं, ग्वाल्हेरचं, फोंड्याचं, हैदराबादचं असं शेजारी शेजारी मांडून पुढच्या एका अंकात छापू. कुठे वकट टिकलंय आणि कुठे हरवलंय, ते तेव्हा कळेल.